दोन नंबर, एक चेहरा

सोमवार, ५ फेब्रुवारी

साबण पुरवणाऱ्या कंपनीने नवीन वर्षाला ही डायरी फुकट दिली, तेव्हापासून ती कपाटावर धूळ खात पडली होती. आज आमचे हे म्हणाले, "कामावरचं सगळं रामायण तू मला जेवताना सांगतेस, माझा घास घशात अडकतो. त्यापेक्षा लिहून काढत जा." म्हणून हे लिहिणं. नवऱ्यांनी ऐकायचं सोडलं म्हणूनच बायका लिहायला लागत असाव्यात.

तर आजचा पराक्रम. आमच्या धुलाईखान्यात चेहरा ओळखून हजेरी लावणारं मशीन बसलं. आमच्याकडे हॉस्पिटलांच्या चादरी, डॉक्टरांचे झगे, पडदे, सगळं धुवायला येतं. मागच्या वर्षी अंगठ्याचं मशीन आणलं होतं, पण साबणाने आणि वाफेने आम्हा बायकांच्या बोटांवरच्या रेघाच झिजून गेल्यात, त्यामुळे ते आठवडाभरात गाशा गुंडाळून गेलं. आता दाराशी भिंतीवर एक काळी काच आहे. तिच्यासमोर उभं राहायचं. हिरवा दिवा लागतो, आपला फोटो आणि नंबर दिसतो आणि आतून एक बाई "धन्यवाद" म्हणते. कशाबद्दल ते तिलाच ठाऊक.

आक्का आमच्यातली सगळ्यांत जुनी. तिचा चष्मा चकाकतो म्हणून मशीन तिला ओळखेना, आणि चष्मा काढला तर तिला मशीन दिसेना. मॅनेजर साहेबांच्या टकलावर दिवा चमकतो म्हणून त्यांना रुमाल बांधून उभं राहावं लागलं. समोरच्या कॅलेंडरवरच्या गुटगुटीत बाळाला मात्र मशीनने "अनोळखी व्यक्ती" म्हणून सकाळपासून चार वेळा हटकलं. हसून हसून पोट दुखलं.

मग माझी पाळी आली. हिरवा दिवा लागला, धन्यवाद मिळाले, आणि फोटो आला तो सुईचा.

सुई म्हणजे फाटक्या चादरी शिवायच्या खोलीत नवीन लागलेली मुलगी. मुलगी कसली, तेहतीस वर्षांची आहे. ओठांत कायम दोरा धरलेला असतो म्हणून सगळ्या तिला सुई म्हणतात. मला पाठीमागे कडकबाई म्हणतात. माझ्या इस्त्रीमुळे, असं सांगतात. इस्त्रीमुळे नाही, हे मला कळतं.

मी सेहेचाळीस वर्षांची, अंगाने भरलेली. ती काडी. मशीनवाला म्हणाला, "पहिल्या दिवशी होतं असं. शिकेल ते हळूहळू."

गुरुवार, ८ फेब्रुवारी

शिकलं नाही. चार दिवस मी गैरहजर आहे. सुई मात्र रोज दोनदा येते आणि दोनदा जाते.

मला याचं हसू येत नाही. आमच्या इस्त्री विभागाची मुख्य बाई मार्चअखेर निवृत्त होतेय आणि तिच्या जागी मला घेणार, हे जवळजवळ ठरलेलं आहे. "तुमची हजेरी बघून वरच्या लोकांना काही बोलायला जागाच नाही," असं साहेब स्वतः म्हणाले होते. आणि आता हे डबडं मला रोज गैरहजर दाखवतंय.

मशीनवाल्याने आम्हा दोघींचे नव्याने फोटो घेतले. केस बांधून, केस सोडून, डावीकडे बघून, उजवीकडे बघून. तरी तेच. आक्का म्हणाली, "खरं सांगू का, डोळ्यांपाशी आणि कपाळाला तुम्ही दोघी आहातच गं सारख्या." मी तिच्याशी संध्याकाळपर्यंत बोलले नाही. मग मोरीतल्या आरशात जरा बघितलं. काही सारखं नाही. माझं कपाळ बाबांचं आहे, सगळे म्हणतात.

वर ती माझी नक्कलही करते. चादर पसरायच्या आधी मी टेबलावर एक फुंकर मारते. ही सवय बाबांची. ते वजनकाटे दुरुस्त करायचे. काट्याच्या पारड्यावर फुंकर मारल्याशिवाय त्यांनी कधी वजन ठेवलं नाही. आज शिवणखोलीत गेले तर सुई मशीनच्या पट्टीवर फुंकर मारून मगच कापड सरकवत होती. "कोणाचं बघून शिकलीस?" म्हटलं. तर म्हणाली, "कोणाचं नाही ताई, लहानपणापासून आहे." मी म्हटलं, "मला बाई म्हण. मी एकटी मुलगी आहे माझ्या आईबापांची, ताई कोणाची नाही." तिने मान खाली घातली. खोटं बोलताना पकडलं की माणसं अशीच मान खाली घालतात.

शनिवार, १० फेब्रुवारी

आज लवकर सुटले. जेवताना सगळ्यांना मशीनची गंमत सांगितली. आमचे हे ठसका लागेपर्यंत हसले. आमची लेक म्हणाली, "थांब, तुला एक गंमत दाखवते," आणि तिने आपला बंद फोन माझ्या तोंडासमोर धरला. फोन पटकन उघडला! मी आत बघायच्या आधीच तिने तो झटकन ओढून घेतला. गंमत दाखवायला गेली आणि स्वतःच तोंडघशी पडली. आता तिने फोनला आकडे घातलेत. म्हणजे आत बघण्यासारखं काहीतरी आहे. त्याचा समाचार वेगळा घेईन.

"अगं, घरातले चेहरे त्याला एकच वाटतात," ती म्हणाली. "मायलेकी, बहिणी-बहिणी. नेहमी होतं."

आमच्याकडेच राहणारी माझी आई तेवढ्यात पानावरून उठली. अर्धं तसंच टाकून. म्हटलं, काय झालं? तर म्हणे भूक नाही. हात धुऊन आली आणि माझ्या शेजारी बसून चौकशी सुरू. कुठली गं ती मुलगी? वय काय? आई आहे का तिला?

मी म्हटलं, "आई वारली म्हणे दीड वर्षापूर्वी, म्हणून गाव सोडून इकडे आली. तुला काय करायचंय?"

"आणि वडील?"

"मला काय माहीत? मी काय तिचं लग्न जमवतेय?"

दिवसभर घरात एकटी असते बिचारी. कोणाची तरी चौकशी केल्याशिवाय तिला करमत नसेल. तिला संध्याकाळी बागेत नेत जा, असं मी लेकीला बजावलंय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

आज डबा खायला बसले तर सुई शेजारी येऊन बसली. एवढी जागा रिकामी असताना. डबा उघडला आणि म्हणाली, "बाई, आक्का सांगत होत्या, तुमचे वडील वजनकाटे दुरुस्त करायचे."

आमच्या आक्काच्या पोटात काही राहत नाही. मी म्हटलं, "हो. नुसतं दुरुस्त करायचे नाहीत, त्यांच्यासारखा कारागीर नव्हता. महिन्यातला अर्धा वेळ फिरतीवर. गावोगावचे दुकानदार त्यांची वाट बघायचे." बाबांचा विषय निघाला की माझी गाडी थांबत नाही. फिरतीवरून आले की आधी मला हाक मारायचे, ते सांगितलं. कोणाच्या काट्यात गुंजभर खोट ठेवली नाही, तेही सांगितलं.

ती ऐकत होती. म्हणाली, "आता कुठे असतात?"

"कुठे असणार? गेले. मी एकोणीस वर्षांची होते तेव्हाच गेले."

तिने घास परत डब्यात ठेवला. "गेले?" म्हणाली.

"म्हणजे वारले. सत्तावीस वर्षं झाली."

तिने डब्याला झाकण लावलं. ते नीट बसेना, तरी ती बसवतच राहिली. मग हात धुवायला म्हणून उठली ती सुट्टी संपली तरी आली नाही. आक्का जाऊन बघून आली, म्हणाली, मोरीत उभी आहे, नळ सोडून. पोट बिघडलं असेल. या नव्या पोरींना वाफ सोसत नाही. सुरुवातीला मलाही मळमळायचं.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आज आई चक्क धुलाईखान्यात आली. माझा डबा घरी राहिला म्हणून. डबा राहिला नव्हता, तिनेच पिशवीतून काढून ठेवला असणार. मी सकाळी माझ्या हाताने भरला होता. सत्तरीच्या बाईने दोन बस बदलून यायचं, म्हणजे कमाल झाली. मी रागावले. तिचं लक्षच नव्हतं. "ती कुठली?" म्हणाली. मी शिवणखोलीकडे हात केला.

आई दारात जाऊन उभी राहिली. सुईने वर बघितलं आणि उभी राहिली. सुईने आपली खुर्ची पुसून पुढे केली. आई बसली नाही. नुसती बघत राहिली, दुकानात एखादी वस्तू घ्यायची की नाही ते ठरत नसताना माणूस बघतं तसं. मग "येते" म्हणाली आणि निघाली.

घरी आले तर आई भिंतीकडे तोंड करून पडलेली. ऊन लागलं असणार. नको म्हणत असताना जायचं आणि मग आजारी पडायचं.

सोमवार, १९ फेब्रुवारी

आज मॅनेजर साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. वरच्या कार्यालयातून विचारणा आली आहे: दोन नंबरांवर एकच चेहरा दिसतो, म्हणजे एकच बाई दोन नावांनी हजेरी लावते आहे का? माझ्या तोंडावर! मी म्हटलं, "साहेब, मी इतकी वर्षं इथे इस्त्रीच्या रोलरसमोर भाजून निघालेय. तुम्ही माझ्यावर लबाडीचा आळ घेता?"

साहेब नरमले. म्हणाले, "तुमच्यावर नाही हो. पण मी वर काय सांगू? मशीन मीच मागवलंय. ते चुकतं म्हटलं तर माझीच शोभा होईल. मुख्य बाईची जागा भरायचीय, आणि तुमच्या नावापुढे हा घोळ."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. मी म्हटलं, "मग जी नवीन आलीय तिला बघा ना. ती यायच्या आधी माझ्या हजेरीत कधी घोळ झाला नव्हता. एक तर ती राहील, नाही तर मी." साहेब म्हणाले, तसं लेखी द्या. मी तिथेच बसून लिहून दिलं.

संध्याकाळी घरी हे सांगितलं. यांनी मान हलवली. आई म्हणाली, "मागे घे ते."

मला वाटलं, नीट ऐकलं नाही. परत सांगितलं.

"ऐकलंय मी. त्या पोरीच्या पोटावर पाय देऊ नकोस. उद्या जाऊन मागे घे."

"तुला ती कोण लागते गं?" मी ओरडलेच. "तुझ्या मुलीची बढती जातेय त्याचं काही नाही, आणि त्या उपऱ्या पोरीचा एवढा कळवळा?"

आई उठून आत गेली. माझी सख्खी आई परक्यांची बाजू घेते, यापेक्षा त्या मशीनचा चुकीचा धन्यवाद परवडला.

बुधवार, २१ फेब्रुवारी

आई माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. आमच्या यांना दोघींचे निरोप पोचवावे लागतात, ते आज म्हणाले की तुमच्यात एखादं मशीन बसवतो.

सुईला कळलंय माझ्या अर्जाचं. तरी आज माझ्या झग्याच्या खिशाची लोंबती शिवण बघून म्हणाली, "द्या, दोन टाके घालते." मी दिला नाही. तोंडावर गोड वागायचं, हे मी ओळखून आहे.

सोमवार, २६ फेब्रुवारी

मशीनच्या कंपनीचं उत्तर आलं. मशीनवाल्याने ते साहेबांच्या केबिनमध्ये आम्हा दोघींसमोर वाचून दाखवलं. मशीन बिघडलेलं नाही. दोन्ही चेहरे इतके जुळतात की ते एकाच माणसाचे असावेत, नाही तर अगदी जवळच्या रक्ताच्या नात्यातले. जुळे, बहिणी, मायलेकी असतील तर तशी नोंद करता येते. मग मशीन दोघींना चेहऱ्यानंतर आपापले आकडे दाबायला लावतं आणि घोळ मिटतो. पण ती सोय फक्त नातेवाइकांना आहे. एरवी उघडली तर लबाडीला वाटच होईल, म्हणून वरचे लोक उघडू देत नाहीत.

"तर तुम्ही काही नात्यातल्या नाही," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी सुईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. बराच वेळ. मग साहेबांना म्हणाली, "मी सोडते, साहेब. बाईंच्या नावाला बट्टा नको. गुरुवारपर्यंतचं शिवायचं काम संपवते आणि जाते."

म्हणजे माझं काम झालं. बढती मिळणार. मी बाहेर आले, रोलर लावला. काही केल्या बरं वाटत नव्हतं. तिने भांडायला हवं होतं. भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. आणि "नात्यातल्या नाही" म्हटल्यावर ती तशी का बघत होती? तिला असं काय म्हणायचं होतं?

मंगळवार, २७ फेब्रुवारी

मी कालचं सगळं जेवायच्या आधी यांना सांगत होते. नोंदीचं, नात्याचं, ती सोडून जाणार त्याचं. आई दाराशी येऊन उभी होती ते मला दिसलं नाही. यांना म्हणाली, "तुम्ही जरा बाहेर जाऊन या." हे एका शब्दाने न विचारता चपला घालून गेले.

आई माझ्यासमोर बसली. म्हणाली, "तुझ्या बाबांना कंपनी एकाच आठवड्यासाठी फिरतीवर पाठवायची. ते दोन आठवड्यांनी यायचे. वरच्या एका आठवड्याचं मी कधी विचारलं नाही."

मी म्हटलं, "काम वाढत असेल."

"शर्टाची बटणं," आई म्हणाली. "मी तुटकं बटण तसंच ठेवून शर्ट बॅगेत घालायचे. मुद्दाम. परत यायचा तेव्हा बटण लावलेलं असायचं. आपल्या घरात नसलेल्या दोऱ्याने."

मी मूर्ख नाही. घरातले चेहरे त्याला एकच वाटतात, हे माझ्याच लेकीने माझ्याच जेवणाच्या टेबलावर सांगितलं होतं. मशीनवाल्याने वाचून दाखवलं होतं. आक्काला दिसलं होतं. मला एकटीला दिसत नव्हतं.

"तुला खात्री आहे?" एवढंच विचारलं.

"मी तिला बघून आले ना. उभी राहिली ती, तेव्हाच कळलं. त्यांचंच उभं राहणं."

"आणि ते गेले तेव्हा? कळवलंस तिकडे?"

"कुठे कळवणार? पत्ता माहीत नव्हता." मग म्हणाली, "आणि माहीत असता तर कळवलं असतं का, ते मला विचारू नकोस."

बुधवार, २८ फेब्रुवारी

आज रजा घेतली. इतक्या वर्षांत कारण न सांगता घेतलेली ही पहिलीच.

मला बाबांचा राग आला आहे आणि तो कुठे नेऊन ठेवावा ते कळत नाही. गावभरचे काटे सरळ करत फिरले. मी ज्याला त्याला सांगत आले की माझ्या बापाने कधी गुंजभर खोट ठेवली नाही. त्या पोरीलाही सांगितलं, डबा खाता खाता. फिरतीवरून आले की आधी मला हाक मारायचे, हे मी तिला सांगितलं! आणि ते गेले, हेही तिला मीच सांगितलं. कुठे असणार, म्हणाले. असं, तोंडात घास असताना. तिला ते त्याच क्षणी कळत होतं, आणि मी मनात म्हटलं, पोट बिघडलं असेल.

आईचाही राग आला आहे. आणि तिची कीवही येते. इतकी वर्षं मूग गिळून बसली, ते माझ्यासाठी की स्वतःसाठी, कोण जाणे.

दुपारी तिला म्हटलं, "मी उद्या बोलले तर सगळ्या धुलाईखान्याला कळेल. धुलाईखान्याला म्हणजे गावाला. आक्का आहे तिथे. बाबांचं नाव जाईल. तुला लोक विचारतील."

"विचारू देत," आई म्हणाली.

"चुलतबहीण आहे असं सांगू का? तेवढ्याने नोंद होत असेल तर बघते."

"तुला जे झेपेल ते सांग," आई म्हणाली. "पण तिला जाऊ देऊ नकोस. एकदा मी काहीच न बोलता गप्प बसले, ते पुरे झालं."

मला काय झेपेल, ते मला आत्ता माहीत नाही.

गुरुवार, २९ फेब्रुवारी

सकाळी घरातून निघताना "चुलत" असंच ठरवलं होतं. बसमध्ये दोनदा मनात म्हणूनही बघितलं.

शिवणखोलीत गेले. सुईने आपलं टेबल आवरलं होतं. कात्री, रिळं, सगळं एका बाजूला नीट लावलेलं, पुढच्या बाईला सापडेल असं. मी म्हटलं, "चल माझ्याबरोबर." ती निमूट आली. तिला वाटलं असेल, अजून काही सही राहिलीय.

केबिनमध्ये मशीनवालाही होता, तिचा नंबर काढून टाकायला आलेला. मी साहेबांना म्हटलं, "माझा अर्ज परत द्या. आणि ती नात्याची नोंद असते ना, ती करा."

"कोणाची?"

"आमची. बहीण आहे ती माझी."

साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. "अहो, सोमवारी तर तुम्ही नाही म्हणालात."

"सोमवारी मला माहीत नव्हतं."

मशीनवाला आपल्या फोनमध्ये काहीतरी दाबायला लागला. मान वर न करता म्हणाला, "सख्खी की चुलत? तसं भरावं लागतं." त्या बिचाऱ्याला काय कल्पना. चादरींच्या ट्रॉली ढकलणाऱ्या दोघी दाराबाहेर उभ्या होत्या, त्यांचे कान इकडेच. चुलत म्हणायला तोंड उघडलं. शेजारी ती उभी होती, मान खाली घालून, आणि मला दिसलं की तिलाही चुलत चालणार आहे. काहीही चाललं असतं तिला. काही नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं, तशी ती निघालीच होती.

"वडील एक आमचे," मी म्हणाले. "आया दोन. काय भरायचं ते भरा."

साहेबांनी उगाच टेबलावरचे कागद सारखे केले. मशीनवाला म्हणाला, "सख्खी लिहितो, सावत्र असा पर्याय यात नाही." कधी नव्हे ते त्या मशीनने एक गोष्ट बरी केली.

त्याने आम्हाला बाहेर नेऊन एकेकीला काचेसमोर उभं केलं. आकडे दाबायला शिकवलं. मी बरोबर माझ्या नंबरावर आले, ती तिच्या. दोघींना धन्यवाद मिळाले. तो त्याची पिशवी घेऊन गेला आणि आम्ही तिथेच राहिलो, कारण पुढे काय करायचं ते दोघींनाही माहीत नव्हतं.

"बाई," ती म्हणाली. "एक विचारू?"

"विचार."

"ते कशाने गेले?"

सत्तावीस वर्षांपूर्वी बाप वारला आणि ही मला आज विचारत होती. मी तिला सांगितलं. सकाळची वेळ होती, दाढी करत होते. एका गालाला साबण तसाच होता. मी शेजारी डॉक्टरांना फोन करायला पळाले, परत येईपर्यंत सगळं संपलं होतं. त्रास फार झाला नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. हे मी आजवर शंभर जणांना सांगितलं असेल, त्यामुळे शब्द आपोआप येत होते. शेवटी मी नेहमी सांगते तेही आलं: बॅग भरून दाराशी ठेवलेली होती, फिरतीवर निघायचे होते, कामावर निघता निघता गेले. बाबा किती कष्टाळू होते हे लोकांना कळावं म्हणून मी ते सांगत आलेय. आज तोंडातून बाहेर पडल्यावर मी काय बोलतेय ते मला ऐकू आलं.

ती म्हणाली, "वार कोणता होता?"

"शुक्रवार."

"शुक्रवारीच यायचे," ती म्हणाली. "मी सहा वर्षांची होते. खिडकीत बसायचे मी. त्या शुक्रवारी आले नाहीत, मग पुढच्या महिन्यातही नाही. आई म्हणायची, बसू नकोस आता खिडकीत, विसरले ते आपल्याला. मरेपर्यंत तसंच म्हणत होती."

मी तिचा हात धरला. माझ्यासारखाच खरखरीत, बोटांच्या रेघा गेलेला.

"विसरले नव्हते गं," मी म्हटलं. "बॅग भरली होती. तुमच्याकडेच निघाले होते."

ती तिथेच खाली बसली, दाराच्या पायरीवर, आणि मोठ्याने रडायला लागली. मीही तिच्याजवळ बसले. आत रोलर तापला होता आणि आक्का मला हाका मारत होती. मारू दे म्हटलं.